रविवारचे साखळी सामने : सुटी नेमकी कोणाची?

प्रश्न : पिंपरी-चिंचवड परिसरातील एका हौशी क्रिकेट क्लबचा मी सचिव आहे. आमच्या भागातील १२ क्लब मिळून दर वर्षी सीझन बॉलवर, म्हणजे कातडी चेंडूवर, ४० षटकांची साखळी स्पर्धा भरवतात. आजवर काही सामने गुरुवारी आणि काही रविवारी होत आले. यंदा सर्वच सामने रविवारी खेळवावेत, असा ठराव पुढे आला आहे. हिंजवडीच्या आयटी कंपन्यांत नोकरी करणारे तरुण खेळाडू त्याच्या बाजूचे आहेत, तर भोसरीच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांचा त्याला विरोध आहे, कारण त्यांची साप्ताहिक सुटी गुरुवारी असते. एका सदस्याच्या मते इंग्लंडप्रमाणे आपणही शनिवार धरावा. आमच्याकडे दोन मैदाने आहेत. बैठक जवळ आली असून आपले मत हवे आहे.

उत्तर : ठराव आहे त्या स्वरूपात संमत करू नका, असे माझे स्पष्ट मत आहे. रविवारी सामने व्हावेत, बहुसंख्य सामने रविवारीच व्हावेत. परंतु ‘फक्त रविवारी’ असा नियम केल्यास ज्यांनी इतकी वर्षे घाम गाळून ही स्पर्धा उभी ठेवली त्यांच्यापैकी अनेकांना तुम्ही संघाबाहेर काढाल, आणि तेही त्यांच्या खेळातील कोणत्याही उणिवेमुळे नव्हे.

रविवारच्या बाजूने जे म्हटले जाते त्यात तथ्य आहे, हे आधी मान्य करायला हवे. हौशी खेळाडूला सामन्यासाठी रजा देणारा कोणी नसतो. मुंबईत टाइम्स शील्डसारख्या कार्यालयीन स्पर्धांमुळे बँका आणि कंपन्यांनी खेळाडूंना नोकऱ्या दिल्या आणि सामन्याच्या दिवशी कामातून मोकळीकही दिली; निरलॉन कंपनीच्या संघातून सुनील गावसकर आणि रवी शास्त्री खेळत, त्या काळातली ती व्यवस्था होती. तुमच्या खेळाडूंना असा आश्रय नाही. त्यांना खेळायचे तर स्वतःच्या सुटीच्या दिवशीच खेळावे लागणार, आणि शहरातील बहुतेकांची सुटी रविवारी असते. डॉ. होरमसजी कांगा यांच्या नावाने १९४८ मध्ये सुरू झालेली मुंबईची कांगा लीग याच आधारावर उभी राहिली. पावसाळ्यातले रविवार, उघड्या खेळपट्ट्या आणि गुडघ्यापर्यंत वाढलेल्या गवतामुळे जमिनीलगतचा फटका जागीच अडवणारे मैदान, अशा परिस्थितीत कारकून, विद्यार्थी आणि कसोटीपटू एकाच संघातून खेळले. एका रविवारी आझाद मैदानावर इतके सामने शेजारी शेजारी चालत, की एका सामन्यातला क्षेत्ररक्षक दुसऱ्या सामन्यातल्या पंचाच्या जवळ उभा असे. पद्माकर शिवलकरांसारख्या गोलंदाजाची करामत रविवारी फुकट पाहायला मिळणे हा मुंबईच्या मैदानांचा मोठेपणा होता.

मात्र कांगा लीगच्या मूळ रचनेतली एक गोष्ट रविवारचे समर्थक सहसा बोलत नाहीत. ती स्पर्धा पावसाळ्यापुरती होती. तिने खेळाडूच्या वर्षातले मोजके रविवार मागितले, सगळे मागितले नाहीत. तुमच्या स्पर्धेत १२ क्लब आहेत, म्हणजे प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदा खेळायचे झाल्यास ६६ सामने होतात. ४० षटकांचा सामना सकाळी नऊला सुरू झाला तरी जेवणाच्या सुटीसह दुपारी तीनपर्यंत चालतो, त्यामुळे एका मैदानावर दिवसाला एकच सामना बसतो. दोन मैदाने धरली तरी ३३ रविवार लागतील. पावसाळा, दिवाळी आणि एप्रिल-मेचे ऊन वजा केल्यावर इतके रविवार उरतच नाहीत. ठराव मांडणाऱ्यांनी हा हिशेब केलेला दिसत नाही. बैठकीत तो सर्वांत आधी फळ्यावर लिहावा.

आता गुरुवारविषयी, कारण माझ्या दृष्टीने खरा प्रश्न तिथे आहे. आपण रविवारला सुटीचा दिवस म्हणतो, तो आपोआप मिळालेला नाही. महात्मा फुल्यांचे सहकारी आणि ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि आठवड्यातून एक दिवस विश्रांती मिळावी म्हणून गिरणीमालकांकडे मागणी लावून धरली. एप्रिल १८९० मध्ये महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सुमारे १० हजार कामगारांची सभा झाली आणि १० जून १८९० रोजी मालकांनी रविवारची सुटी मान्य केली. रविवार हा खंडोबाचा वार, म्हणून कामगारांनाही तो जवळचा होता. परंतु मागणीचे मर्म वारात नव्हते. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत यंत्रापुढे उभ्या राहणाऱ्या माणसाला आठवड्यात एक दिवस स्वतःचा असावा, हे त्याचे मर्म होते. पुढे विजेचा भार एकाच दिवशी पडू नये म्हणून औद्योगिक पट्ट्यांना सुटीचे निरनिराळे वार नेमून दिले गेले आणि पिंपरी-चिंचवडच्या वाट्याला गुरुवार आला. १८९० मध्ये गिरणी कामगाराला जो दिवस मिळाला, तोच आज भोसरीच्या कामगाराचा गुरुवार आहे. एका औद्योगिक नगरीतल्या स्पर्धेने नेमका तोच दिवस वेळापत्रकातून पुसावा, हे मला अतिशय खटकते.

तिसरी पाळी संपवून सकाळी सातला कंपनीच्या बसमधून उतरणारा, घरी न जाता तसाच किटची पिशवी घेऊन मैदानावर येणारा आणि नाणेफेकीपर्यंत झाडाखाली अर्धा तास डोळे मिटून पडणारा खेळाडू तुमच्या प्रत्येक क्लबात एखादा तरी असेल. अशा माणसाला रविवारी खेळायचे असेल तर पाळी बदलून घ्यावी लागते, सहकाऱ्याचे उपकार घ्यावे लागतात किंवा खाडा करावा लागतो. कंत्राटी कामगाराच्या बाबतीत खाडा म्हणजे त्या दिवसाचा पगार गेला. साखळी स्पर्धेची किंमत एका गटाने वेळ देऊन आणि दुसऱ्या गटाने पगार देऊन चुकवावी, हे न्याय्य नाही.

शनिवारची सूचना चांगल्या हेतूने आलेली असली तरी ती आपल्याकडे लागू पडत नाही. इंग्लंडमध्ये क्लबांचे साखळी सामने शनिवारी होण्यामागे तिथला इतिहास आहे. कारखान्यांत शनिवारी अर्धा दिवस सुटी देण्याची प्रथा एकोणिसाव्या शतकातच रुजली होती आणि रविवार चर्चचा मानला जाई. रविवारच्या करमणुकीसाठी प्रवेशशुल्क घेण्यावर १७८० च्या कायद्याने बंदी होती. कौंटी अजिंक्यपद स्पर्धेत रविवारी खेळ होऊ लागला तो १९६६ मध्ये, ४० षटकांची रविवारची लीग आली १९६९ मध्ये आणि तिथल्या कसोटी सामन्यात प्रथमच रविवारी खेळ झाला तो १९८१ मध्ये, ट्रेंट ब्रिज मैदानावर. म्हणून तिथल्या अनेक क्लबांत अजूनही शनिवार लीगचा आणि रविवार मैत्रीपूर्ण सामन्यांचा अशी वाटणी आढळते. आपल्याकडे बँकांना २०१५ पासून दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुटी आहे, राज्य शासनाच्या कार्यालयांना २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे, हिंजवडीतही शनिवार मोकळा असतो. पण दुकानदार, कारखाना कामगार आणि शाळा-महाविद्यालयांतली अनेक मुले शनिवारी कामातच असतात. शनिवार धरल्यास गुरुवारवाले आणि रविवारवाले असे दोन्ही गट अडचणीत येतील.

माझी सूचना अशी आहे. सामने ३० षटकांचे करा. तासाला १५ षटकांची गती ठेवली आणि दोन डावांत वीस मिनिटांची विश्रांती दिली, तर सकाळी आठला सुरू झालेला सामना साधारण साडेबाराला संपतो आणि त्याच मैदानावर एकच्या सुमारास दुसरा सामना सुरू होऊन उजेड असतानाच पूर्ण होतो. दोन मैदानांवर एका रविवारी चार सामने बसतात. ६६ पैकी ४४ सामने रविवारी ठेवले तर ११ रविवार पुरतात. उरलेले २२ सामने एकाच मैदानावर ११ गुरुवारांत होतात. प्रत्येक क्लबाच्या वाट्याला तीन किंवा चार गुरुवार आणि सात किंवा आठ रविवार येतील आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी या चार महिन्यांत साखळी संपेल. गुरुवारी क्लबाने आपल्या कारखान्यातल्या खेळाडूंचा संघ उतरवावा, रविवारी नोकरदार आणि विद्यार्थ्यांचा. उपांत्य आणि अंतिम सामने रविवारी घेऊ नयेत, असे मी म्हणणार नाही. त्यासाठी एखादा खाडा करायला बहुतेक खेळाडू आनंदाने तयार होतात.

३० षटकांनी खेळाचे नुकसान होते, हे मला ठाऊक आहे आणि ते मला बोचतेही. ४० षटकांत फिरकी गोलंदाजाला आठ षटके मिळतात, तो फलंदाजाला दोन-तीन षटके खेळवून मग फसवू शकतो. सहा षटकांत त्याला ती उसंत राहत नाही. मधल्या फळीत डाव बांधणाऱ्या फलंदाजाचेही तेच. तरीही ११ रविवारांत बसणारी स्पर्धा आणि ३३ रविवार मागून अर्ध्यावर सोडून द्यावी लागणारी स्पर्धा यांत निवड करायची असेल तर मी पहिली निवडीन.

आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधतो, कारण बैठकीत तिची बाजू मांडणारे कोणी हजर नसेल. रविवारी सकाळी तुमच्या दोन मैदानांवर आणखी कोण येते, याची नोंद करा. शाळकरी मुलांचा सराव, मुलींच्या संघाचे नेट, आसपासच्या वस्तीतली टेनिस बॉलवाली मुले, फिरायला येणारे ज्येष्ठ नागरिक हे सगळे त्याच तासांचे वाटेकरी आहेत. मैदान सार्वजनिक असेल तर साखळीने भाडे भरले म्हणून त्यांचा हक्क संपत नाही. दोन रविवारांनंतर तिसरा रविवार मैदान मोकळे ठेवण्याचा नियम केलात, तरी ११ रविवारांची साखळी चार महिन्यांत बसते. खेळपट्टीलाही ती विश्रांती हवी असते, आणि रविवारी पहाटे पाचला पाणी आणि रोलर घेऊन उभ्या असणाऱ्या माळ्यालाही. त्याला बदली सुटी कोणत्या दिवशी मिळते, हे वेळापत्रकात लिहिले गेले पाहिजे.

प्रश्न : माझे पती ठाण्यात एका क्लबकडून खेळतात. ऑक्टोबर ते मे बहुतेक रविवारी ते सकाळी सातला घर सोडतात आणि संध्याकाळी परत येतात, तेव्हा थकलेले असतात. आमची मुलगी आठ वर्षांची आहे आणि सासूबाईंचे गुडघे दुखत असल्याने त्यांना फारसे चालवत नाही. मीही नोकरी करते. खेळ सोडा असे मला म्हणायचे नाही, पण काही बोलले की घरात वाद होतो. मी चूक आहे का?

उत्तर : तुम्ही अजिबात चूक नाही. तुम्हीही नोकरी करता, म्हणजे रविवार तुमचाही आहे. पतींच्या सुटीचा दिवस खेळात जातो आणि तुमच्या सुटीचा दिवस स्वयंपाक, मुलीचा अभ्यास आणि सासूबाईंचे पथ्यपाणी यांत जातो. ही तक्रार खेळाविरुद्ध नाही, वाटणीविषयी आहे, आणि ती तशीच मांडावी.

सामन्याच्या आदल्या रात्री हा विषय काढू नका. त्या वेळी खेळाडूला संघ दिसतो, घर दिसत नाही. हंगाम सुरू होण्यापूर्वी वेळापत्रक घरी मागवा आणि दिनदर्शिका समोर घेऊन दोघांनी बसा. मुलीचे स्नेहसंमेलन, सासूबाईंच्या डॉक्टरांची वेळ, नात्यातली लग्ने आणि तुमचा स्वतःचा असा महिन्यातला एक रविवार आधी लिहून टाका. मग उरलेल्या रविवारांतले कोणते सामने खेळायचे ते त्यांनी कर्णधाराला हंगामाच्या सुरुवातीलाच कळवावे. ज्या क्लबाकडे १८ खेळाडूंची यादी आहे त्याला हे सहज जमते. ज्याच्याकडे कसेबसे ११ आहेत त्या क्लबात एक माणूस न आल्यास दहा जणांनी खेळायची वेळ येते आणि मग घरच्या कारणाने थांबणारा खेळाडू गुन्हेगार ठरतो. तुमच्या पतींनी क्लबाच्या सभेत यादी वाढवण्याचा आग्रह धरला, तर त्यांच्याप्रमाणे इतर घरांतली ताणाताणही कमी होईल.

एक गोष्ट त्यांच्या बाजूनेही सांगतो. चाळिशीकडे झुकलेल्या माणसाला सीझन बॉलवर आणखी किती वर्षे खेळता येईल, याची धास्ती असते आणि तो ती घरी बोलून दाखवत नाही. ती समजून घेतल्यास बोलणे सोपे होईल. तुम्ही सोडा म्हणत नाही, हे त्यांना स्पष्ट शब्दांत ऐकू द्या.

प्रश्न : माझा मुलगा स्पर्धा परीक्षांची तयारी करतो आणि क्लबकडून यष्टिरक्षणही करतो. परीक्षा बहुधा रविवारीच येतात. क्लब म्हणतो, दोन सामने चुकले तर संघातली जागा जाईल.

उत्तर : राज्य लोकसेवा आयोगाच्या आणि इतर अनेक परीक्षा रविवारी होतात, हे क्लबालाही माहीत असते. परीक्षेचे प्रवेशपत्र दाखवणाऱ्या खेळाडूची गैरहजेरी निवडीत धरली जाणार नाही, असा एका ओळीचा नियम क्लबाने करावा, असे लेखी पत्र मुलाने सचिवांना द्यावे आणि दुसरा यष्टिरक्षक तयार करण्यासाठी सरावात स्वतः मदत करावी. नियम झाला नाही तर मुलाने परीक्षा निवडावी. संघातली जागा पुढच्या हंगामात परत मिळवता येते, आणि परीक्षेला बसण्याची वयोमर्यादा मात्र दर वर्षी जवळ येत असते.