विचारा की! : इतिहासात एमए, तेही आपल्या भागातनं

रिझल्ट लागले की आमच्याकडं येणाऱ्या पत्रांचा विषय बदलतो. यावेळी बरीचशी एमएची आहेत आणि त्यातही इतिहासाची निघाली बघून मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. तीन घेतलीत.

प्रश्न : मॅडम नमस्कार, मी खानापूर तालुक्यातली. यंदा बीए झालं. शाळा सगळी मराठीतनं, डिग्रीला उत्तरं इंग्रजीत पाठ करून लिहिली. इतिहासात एमए करायचं मनात आहे. कन्नड बोलायला येतंय, वाचताना अडखळते, लिहायचं तर नावच नको. कोण म्हणतंय राणी चन्नम्मा युनिव्हर्सिटीला जा जवळ पडतंय, कोण म्हणतंय कोल्हापूरला जा मराठीत पेपर लिहायला मिळतील. घरात म्हणतात होस्टेलवर ठेवणं जमणार नाही, आणि इतिहास शिकून करणार काय? मी काय करू?

उत्तर : पोरी, आधी सोपं ते संपवूया. राणी चन्नम्मा विद्यापीठ २०१० ला सुरू झालं, भूतरामनहट्टीला, हायवेवर काकतीच्या पुढं, प्राणिसंग्रहालय आहे बघ त्या बाजूला. बस बदलून रोज जाऊन येऊन करणाऱ्या पोरी आहेत, दमतात पण करतात. घरचे होस्टेलला तयारच नसतील तर हाच रस्ता, मात्र तिथला कारभार कन्नड आणि इंग्रजीतला. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात मराठीत लिहिता येतंय, पण ते बेळगावहून शंभर किलोमीटरच्या वर, म्हणजे राहणं आलं, मेस आली, खर्च आला. महाराष्ट्रानं दावा सांगितलेल्या कर्नाटकातल्या ८६५ गावांत तुझं गाव असेल तर सीमाभागातल्या मुलांना यंदा काही सवलत आहे का ते अॅडमिशनच्या आधी तिथंच विचारून घे, मैत्रिणीच्या भावानं सांगितलं म्हणून जाऊ नकोस. आणि धारवाड, ते सगळे विसरतात. कर्नाटक विद्यापीठात प्राचीन इतिहास आणि शिलालेखांचा वेगळा विभाग आहे आणि खानापूरहून लोंढा, अळणावर करत रेल्वे सरळ धारवाडला जाते.

कुठंही गेलीस तरी दोन वर्षं, चार सेमिस्टर. प्राचीन, मध्ययुगीन, आधुनिक भारत, थोडं जग, संशोधन पद्धतीचा एक पेपर आणि इतिहासलेखनशास्त्राचा एक, जो सगळ्यांनाच जड जातो कारण तिथं राजे नाहीत, तारखा नाहीत, इतिहास लिहिणारे लोक कसा विचार करतात एवढंच आहे. गाईड घेऊन तो पेपर पास होतो, पण समजत नाही, आणि पुढं पीएचडीच्या इंटरव्ह्यूला पहिला प्रश्न त्यातलाच येतो. म्हणून तो पहिल्या दिवसापासनं धर.

आता जे मला खरं सांगायचंय ते. पेपर कुठल्या भाषेत लिहायचा यावर तू अडून बसलीयस, पण तुझ्याच तालुक्यातलं हलशी घे. जुनं नाव पलाशिका, सुरुवातीच्या कदंब राजांचं गाव, तिथं पाचव्या शतकातले ताम्रपट मिळालेत, जैनांना दिलेल्या दानाचे, संस्कृतमधले. पुढं गोव्याच्या कदंबांच्या काळातलं भूवराह नरसिंहाचं देऊळ, ते तू बघितलं असशीलच. बेळगावच्या किल्ल्यातली कमल बसदी, म्हणजे जैनांचं देऊळ, १२०४ ची, रट्ट राजा चौथा कार्तवीर्य, त्याचा मंत्री बीचिराज, त्यानं बांधली, आणि त्या काळातले बेळगावचे दोन शिलालेख आज लंडनला ब्रिटिश म्युझियममध्ये पडलेत, जुन्या कन्नडमधले. मग १४७२ च्या सुमाराला बहामनींचा वजीर महमूद गावाननं किल्ला घेतला, बहामनी गेले आदिलशाही आली, म्हणजे फारसी आली. मग मराठे, पटवर्धन, कित्तूरचे देसाई, आणि मोडी लिपीतली मराठी. १८१८ नंतर इंग्रज आले, ते या सगळ्या मुलखाला दक्षिण मराठा मुलूख म्हणायचे, १८३६ ला धारवाडपासनं तोडून बेळगाव जिल्हा वेगळा केला, वरचा पत्रव्यवहार इंग्रजीत गेला तरी गावपातळीवर मोडी बरीच वर्षं चालूच राहिली.

एका जिल्ह्याला पाच भाषा झाल्या की ओ! सगळ्या कुणालाच येत नाहीत. पण घरात मराठी, बाजारात कन्नड आणि वर मोडी वाचणारी मुलगी पुण्यात शोधायला गेलं तर मुश्किलीनं मिळेल, बेंगळुरातही तेच. ती तयार व्हायची तर खानापूर, बेळगाव, निपाणी याच पट्ट्यात. तुला जो अडथळा वाटतोय ना, बॉर्डरवर असणं, त्याच्यावरच तुझं पुढचं काम उभं राहू शकतं, पण त्यासाठी कन्नड वाचायला लागणार, त्याला इलाज नाही. आपल्याकडं मराठी मुलांमध्ये कन्नड न वाचण्याचा थोडा अभिमानही असतो, राजकारणाला तो ठीक असेल, इतिहासाच्या विद्यार्थ्याला परवडत नाही. (तिकडच्या बाजूलाही हेच आहे, मोडी दिसली की नाक मुरडणारे प्राध्यापक मी बघितलेत.) रोज कन्नड पेपरातली एक बातमी मोठ्यानं वाच, बोलतेस म्हणजे निम्मं झालंच आहे. जुनं कन्नड नंतर, त्याला शिकवणारा माणूस लागतो.

मोडीची अक्षरं शिकायला फार वेळ लागत नाही. अडतं ते पुढं, प्रत्येक कारकुनाचा हात वेगळा, शब्द तोडत नाहीत, एकाच दमात ओळ ओढलेली असते. पाटील-कुळकर्ण्यांच्या घरात अजून ट्रंकेत जुने कागद रुमालात बांधलेले असतात, विचारून, हात जोडून, फोटो काढायला मिळाले तर काढ, कागद घरी न्यायला मागू नकोस. मोठा साठा मुंबईच्या पुराभिलेखागारात आहे कारण १९५६ पर्यंत आपण मुंबई राज्यात होतो, पेशवे दफ्तर पुण्याला. घरबसल्या सुरुवात करायची तर बॉम्बे प्रेसिडेन्सी गॅझेटियरचा एकविसावा खंड, बेळगाव जिल्ह्याचा, १८८४ चा, नेटवर फुकट स्कॅन मिळतो. वाच, पण तो महसूल गोळा करणाऱ्या साहेबांनी लिहिलाय हे डोक्यात ठेवून वाच, जातींबद्दल लिहिलेलं तर खासच.

घरच्यांच्या ‘करणार काय’ला उत्तर द्यायला पाहिजे, ते चूक विचारत नाहीयेत. डिग्री कॉलेजात शिकवायचं तर नेट (प्राध्यापकीची देशपातळीवरची पात्रता परीक्षा) किंवा सेट (तीच राज्याची) किंवा पीएचडी, आणि इथं आपल्या पोरांची एक गफलत होते ती अशी की महाराष्ट्राची सेट महाराष्ट्र आणि गोव्यातच चालते आणि के-सेट कर्नाटकातच, बॉर्डरवर राहणाऱ्यानं नेटच धरावी, ती दोन्हीकडं चालते. एमएला साधारण ५५ टक्के लागतात, राखीव गटांना ५०. परीक्षा वर्षातनं दोनदा, १५० प्रश्न, ३०० मार्क, चुकीला मार्क कापत नाहीत. इतिहासाचा पेपर इंग्रजी आणि हिंदीत येतो, मराठीत नाही, म्हणून कोल्हापूरला गेलीस तरी इंग्रजी वाचन सोडता येणार नाही. नेटमधनंच जेआरएफ, म्हणजे संशोधनाची फेलोशिप, निघाली तर महिना ३७ हजार मिळतात, तेवढं ऐकल्यावर घरात आवाज खाली येतो बघ. पीयू कॉलेज (अकरावी-बारावीचं) आहे, स्पर्धा परीक्षा आहेत, पुरातत्त्व खात्याची शिलालेख शाखा म्हैसूरला आहे, तिथं कन्नड-संस्कृतवाल्याला किंमत. मोडीचं तर २०२३ ला बघितलंच की, महाराष्ट्रात कुणबी नोंदी शोधायला घेतल्या आणि मोडी वाचणारी माणसं शोधत फिरायची वेळ आली. नोकरीची गॅरंटी मी देत नाही. तू तरी कुणाला देऊ नकोस.

थोडक्यात, घरनं ये-जा जमत असेल तर चन्नम्मा किंवा धारवाड, मला विचारशील तर धारवाड.

प्रश्न : मी बेळगावचा, एमए शेवटचं वर्ष. डिसर्टेशनला सीमाप्रश्न घ्यायचाय, आजोबा लढ्यात होते. गाइड सर म्हणतात हा विषय नको. हे दडपणं नाही का?

उत्तर : असेलही अरे, मी तुझ्या सरांना ओळखत नाही. पण दुसरं कारणही असू शकतं. ‘सीमाप्रश्न’ हा साठ-सत्तर पानांचा विषयच नाहीये, १९५६ ची राज्यपुनर्रचना, १९६६ चा महाजन आयोग, १९६७ चा त्याचा अहवाल, २००४ पासनं सुप्रीम कोर्टातली केस, हे सगळं नुसतं क्रमानं लिहिलं तरी पानं संपतात आणि तुझं स्वतःचं त्यात काहीच नसतं. शिवाय आजोबा लढ्यात होते म्हणजे निकाल तू आधीच लिहून ठेवलायस, आता फक्त पुरावे जोडायचेत.

छोटं कर. १९४६ ला बेळगावात साहित्य संमेलन झालं, माडखोलकर अध्यक्ष होते, तिथं संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. तेवढे दिवस घे आणि त्या दिवसांतली इथली मराठी वर्तमानपत्रं आणि कन्नड वर्तमानपत्रं दोन्ही काढ, कुणी काय छापलं, कुणी काय गाळलं. सार्वजनिक वाचनालयात बसून निम्मं काम होईल. आजोबांची मुलाखत घेच, पण रेकॉर्ड करून, तारीख टाकून, आणि त्यांना ते वर्ष १९५६ आठवतंय का १९६९ हे दुसऱ्या कशाशी तरी ताडून बघ. त्यांच्याच वयाचा कन्नड बोलणारा शेजारी असेल तर त्याचीही घे, तो काय सांगतोय ऐकून तुला राग आला तरी घे.

हे नकोच असेल तर बाकी विषय काय कमी आहेत! फक्त १९२४ चं काँग्रेस अधिवेशन नको, गांधीजी अध्यक्ष झाले ते एकमेव, म्हणून जो तो त्यावरच लिहितो. शहापूर बघ, आज बेळगावाला चिकटलेलं आहे पण होतं सांगलीच्या पटवर्धनांचं संस्थानी गाव, रस्ता ओलांडला की राज्य बदलायचं. मागवाल्यांवर, जकातीवर, विणकरांच्या कर्जावर त्याचा काय परिणाम झाला असेल? कागद सांगली संस्थानच्या दफ्तरात शोधावे लागतील, मोडीत. निपाणीचं तंबाखू शेतकऱ्यांचं १९८१ चं आंदोलन आहे, त्यातली माणसं अजून भेटतात, ती असेपर्यंत जा. मला विचारलंस तर मी शहापूर घेईन, पण लिहायचंय तुला.

प्रश्न : वय ६३, निपाणीला राहतो, नोकरीतून रिटायर झालो. कॉमर्सचा पदवीधर. इतिहासात एमए करायची हौस आहे. या वयात घेतात का? गुडघे दुखतात, रोज जाणं होणार नाही.

उत्तर : घेतात की काका. इग्नूला, म्हणजे इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाला, वयाची अट नाही आणि कुठल्याही शाखेची डिग्री चालते. एमए इतिहास कोड एमएएच, माध्यम इंग्रजी किंवा हिंदी, मराठी नाही. अॅडमिशन जुलै आणि जानेवारी अशा दोन सेशनला, परीक्षा जून आणि डिसेंबरला. असाइनमेंट वेळेत द्यायच्या, त्याचे मार्क धरतात आणि बरेच जण तिथंच अडकतात. पैसे भरायच्या आधी ई-ज्ञानकोश या त्यांच्या साइटवर त्यांची पुस्तकं फुकट आहेत ती उघडून बघा, प्राचीन आणि मध्ययुगीन समाजांचं जे आहे ते आवडलं नाही तर एमए करू नका, नुसती पुस्तकं वाचा. आवडलं तर पर्यावरणाच्या इतिहासाचाही एक पेपर आहे तो बघा, तुम्ही तंबाखूच्या गावचे, तुम्हाला त्यात लिहायला बरंच सुचेल. फॉर्म ऑनलाइन भरायचा, नातवाला बसवा, आणि स्टडी सेंटर निवडताना परीक्षेला कुठं जावं लागेल ते आधी विचारा, गुडघ्यांचा प्रश्न तिथं येतोय.