चर्चच्या मंडळीतले मित्र म्हणतात, "तू भेटलास की काहीतरी विकतोसच." ऑनलाईन मार्केटिंग, विश्वास आणि मैत्री कशी सांभाळावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कोल्हापुरात राहून तुम्ही ॲफिलिएट लिंकचं (लिंकवरून कोणी खरेदी केली की कमिशन) काम करता, शिवाय दोन-तीन दुकानांची पेजेस सांभाळता. तरुण संघातले मित्र अंतर ठेवायला लागलेत, रविवारी उपासनेतही फोन वाजतो, आणि ख्रिस्ती माणसानं हे काम सोडावं का, अशी टोचणी लागली आहे.

काम सोडायची गरज नाही. पौल करिंथात राहुट्या शिवून पोट भरत होता (प्रेषितांची कृत्ये १८:३), आणि शिवलेली राहुटी विकावीही लागते. विकल्यामुळे मैत्री तुटत नाही. आपल्या सल्ल्यामागे पैसे होते हे मित्राला नंतर, तेही दुसऱ्याकडून कळतं, तेव्हा तुटते. आपल्याकडे हे फार लवकर कळतं. अमेरिकन मिशनरी वायल्डर १८५२ साली कोल्हापुरात आले तेव्हापासूनची ही मंडळी. घरं एकमेकांत गुंतलेली, याचा मेहुणा त्याचा जावई. एका घरात फसल्याची भावना झाली की मिरजेपर्यंत जाते. म्हणून सुरुवात कमिशनपासून करा.

मित्राला लिंक पाठवायचीच असेल तर लिंकच्या आधी, पहिल्याच ओळीत लिहा: "ही माझी कमिशनची लिंक आहे. यावरून घेतलंस तर मला साधारण ४० रुपये मिळतील. नको असेल तर सरळ ॲपवर शोधून घे, मला काही वाटणार नाही." टक्के लिहू नका, रुपये लिहा. टक्के वाचून कोणी हिशोब करत बसत नाही. शिवाय आकडा स्वतःच्या हातानं टाईप केला की या ४० रुपयांसाठी या माणसाला त्रास द्यावा का, हे आपलं आपल्यालाच दिसतं. निम्म्या वेळा तुम्ही मेसेज खोडाल, आणि ते बरोबरच असेल.

रील आणि पोस्टसाठी तर हा नियमच आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं जानेवारी २०२३ मध्ये इन्फ्लुएन्सरसाठी मार्गदर्शिका काढली. तिच्यानुसार रील मराठीत असेल तर 'जाहिरात' किंवा तत्सम शब्दही मराठीत हवा, हॅशटॅगच्या गर्दीत पुरलेला नको. व्हिडिओ असेल तर नुसता खालच्या मजकुरात नाही, व्हिडिओतच हवा. लाईव्ह असेल तर पूर्ण वेळ पडद्यावर हवा. आणि तुमच्या प्रश्नाला थेट लागू पडणारी गोष्ट म्हणजे फुकट मिळालेली वस्तू, सवलत, नातं किंवा वैयक्तिक संबंध हेही त्यात उघड करायचे संबंध मानले आहेत. म्हणजे मित्राच्या बेकरीचं रील एक रुपया न घेता केलंत तरी "हे माझ्या मित्राचं दुकान आहे" हे म्हणायला हवं. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात १० लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत. पण दंड नसता तरी 'होय तर होय, नाही तर नाही' (मत्तय ५:३७) हे आपल्याला लागूच होतं.

आता फोन. खरी गडबड तिथेच असते, कारण एकाच नंबरवर ग्राहकही असतात आणि प्रार्थनागटही. दुसरं सिम घ्या, त्यावर व्हॉट्सॲप बिझनेस टाका आणि धंद्याचं सगळं तिकडे हलवा. ब्रॉडकास्टचा मेसेज ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोचतो. हा अडथळा चुकवायला लोक गट काढून सगळ्यांना त्यात कोंबतात. तसं करू नका. काउंटरवर क्यूआर लावा, ग्राहकानं स्वतः "हो" पाठवलं तरच यादीत घ्या, महिन्याला दोनच मेसेज ठेवा आणि प्रत्येकाच्या शेवटी "नको असल्यास 'थांबा' लिहा" ही ओळ घाला. 'थांबा' आलं की त्याच दिवशी नाव काढा. लोकांनी ब्लॉक आणि रिपोर्ट करायला सुरुवात केली की व्हॉट्सॲप नंबर बंद करतं. तो तुमचा घरचा नंबर असेल तर धंद्याबरोबर तरुण संघ, गायकवृंद, घरची मंडळी सगळंच एका दिवसात जातं.

मंडळीच्या गटात मात्र एकही जाहिरात नको, नाताळच्या केकचीसुद्धा नको. गट चालवणाऱ्यांनी त्यासाठी वेगळा धागा ठेवला असेल तर गोष्ट निराळी. प्रार्थनागटात माणसं काय लिहितात ते आठवा: आईची शुगर ४०० वर गेली, मुलाची नोकरी गेली, कर्जाचा हप्ता थकला. अशा वेळी "ताई, एक पावडर आहे, लिंक पाठवू का" हा मेसेज गेला की ती ताई पुन्हा त्या गटात मोकळेपणानं प्रार्थना मागणार नाही. नुकसान फक्त तुमचं होत नाही, सगळ्या गटाचं होतं. त्यात मधुमेह बरा करण्याच्या दाव्याची जाहिरात १९५४ च्या औषधे व जादुई उपाय कायद्याखाली गुन्हा आहे. मंडळीची सभासद यादी मेटावर (फेसबुक-इन्स्टाग्रामवर) कस्टम ऑडियन्स म्हणून, म्हणजे त्याच लोकांना जाहिरात दिसावी म्हणून, चढवणं हाही विश्वास मोडण्याचाच प्रकार. ते नंबर लोकांनी पाळकांच्या भेटीसाठी आणि निरोपासाठी दिलेले असतात.

"ख्रिस्ती बंधूंनो, आपल्या माणसाकडूनच घ्या" असली जाहिरात तर मुळीच करू नका. धर्मासारख्या संवेदनशील विषयांवरचे टार्गेटिंगचे पर्याय मेटानं जानेवारी २०२२ पासून काढून टाकलेत, आणि बघणाऱ्याचा धर्म गृहीत धरणारा मजकूर त्यांच्या जाहिरात नियमांत बसत नाही. नाताळच्या चांदण्या, केक, भेटकार्डं जरूर विका, पण मजकूर वस्तूबद्दल असू दे: वजन, किंमत, अंडं आहे की नाही, कोणत्या तारखेपर्यंत ऑर्डर. पाळकसाहेबांना रीलमध्ये उभं करू नका. ते नाही म्हणू शकत नाहीत, म्हणूनच विचारायचं नाही. मंडळीचं पेज सांभाळत असाल तर ते सेवा म्हणून करा. पैसे घेणार असाल तर लेखी दर द्या आणि मंडळीचे पंच त्यावर ठरवत असताना खोलीबाहेर थांबा.

मित्राच्या दुकानाचं काम घेताना सगळ्यात मोठी चूक म्हणजे 'मित्र म्हणून निम्मा दर'. त्याला वाटतं, पैसे दिलेत तर काम पूर्ण हवं. तुम्हाला वाटतं, उपकार केलेत तर त्यानं समजून घ्यावं. दोन महिन्यांत दोघंही दुखावतात. एकतर पूर्ण दर घ्या, नाहीतर पूर्ण फुकट करा. फुकट असेल तर हद्द आखा: चार पोस्ट, एक महिना, बस्स. पैशांचं असेल तर एकाच मेसेजमध्ये लिहून त्याचा "ठीक आहे" घ्या: महिन्याला १२ पोस्ट आणि ४ रील, माझी फी इतकी, दर महिन्याच्या ५ तारखेला, थांबवायचं तर १५ दिवस आधी सांगायचं. जाहिरातीचा खर्च फीमध्ये मिसळू नका. रोज २०० रुपये म्हणजे ३० दिवसांचे ६,०००, त्यावर १८ टक्के जीएसटी १,०८०, एकूण ७,०८०. हे १,०८० आधी सांगितले नाहीत की महिनाअखेर "वरचे हजार कसले?" हा प्रश्न येतो आणि तुमच्याकडे बघायची नजर बदलते.

जाहिरातीचं खातं त्याच्या नावावर आणि कार्डही त्याचंच. त्यानं मेटावर स्वतःचा बिझनेस पोर्टफोलिओ (पेज आणि जाहिराती एकत्र सांभाळायचं खातं) उघडावा, पूर्ण ताबा त्याच्याकडे आणि घरातल्या आणखी एकाकडे असावा, तुम्हाला फक्त जाहिराती आणि मजकुरापुरता प्रवेश द्यावा. पेज तुमच्या खात्यावर काढलंत आणि उद्या मतभेद झाले, किंवा तुमचं खातं हॅक झालं, तर त्याचे फॉलोअर, रिव्ह्यू, जुने मेसेज सगळं अडकतं. मग तुम्ही कितीही प्रामाणिक असलात तरी "याने दुकान अडवलं" हेच बोललं जातं.

विक्रीचा आकडा कबूल करू नका. मेटाची जाहिरात स्थिरावायला एका ॲड सेटला (एकत्र चालणाऱ्या जाहिरातींच्या संचाला) आठवड्यात साधारण ५० रिझल्ट, म्हणजे चौकशा किंवा खरेद्या, लागतात. २०० रुपये रोजावर लहान दुकानाला तेवढे क्वचितच मिळतात, म्हणून आज नऊ चौकशा आणि उद्या एक, असं होतं. मित्राला हे पहिल्या दिवशीच सांगा, आणि दर दोन दिवसांनी जाहिरात बदलू नका. मोठा बदल केला की तिचं शिकणं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं.

मजकुरात काय लिहायचं याला माझ्याकडे एकच कसोटी आहे: दाव्याचा कागद किंवा वस्तू मला दिसली का? गुळाचं घ्या. गुऱ्हाळवाला म्हणतो, "सेंद्रिय लिहा." सेंद्रिय म्हणून विकायला सहसा एनपीओपी किंवा पीजीएस-इंडिया या सरकारी योजनांचं प्रमाणपत्र लागतं, त्याचा फोटो मागा. नसेल तर जे बघितलंत ते लिहा: भेंडीच्या रसानं मळी काढलेला, हायड्रोस (रंग उजळवणारं रसायन) न घातलेला, म्हणून रंग गडद. आणि हायड्रोस घातला नाही हे कढईपाशी उभं राहून बघितलं असेल तरच. चपलेचंही तसंच. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं. ते कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातल्या बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर या जिल्ह्यांपुरतं आहे आणि चपला चामड्याच्या हव्यात. रेक्झिनच्या पट्ट्याची, रबरी सोलची जोडी "कोल्हापुरी डिझाइन, रेक्झिन" म्हणून विका, खपते. "फक्त ३ जोड शिल्लक" हे गोदामात तीनच असतील तेव्हाच लिहा. खोटी घाई दाखवणं नोव्हेंबर २०२३ च्या डार्क पॅटर्न (ग्राहकाला फसवणाऱ्या ऑनलाईन युक्त्या) नियमावलीत स्पष्टपणे बंद केलं आहे, आणि लेवीय १९:३५-३६ मध्ये खोट्या मापांबद्दल जे सांगितलंय त्यातही ते बसतं.

पैसे लावून खेळायच्या ॲपचं ॲफिलिएट काम कितीही मोठं कमिशन देत असलं तरी नको. ऑगस्ट २०२५ च्या कायद्यानं त्यांची जाहिरात करणाऱ्यालाही २ वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे. साखळी योजनेत मित्राला ओढण्यापूर्वी एवढंच बघा: पैसे माल विकून येतात की माणूस जोडून? माणूस जोडून येत असतील, किंवा नुसतं सामील व्हायला फी असेल, तर २०२१ च्या थेट विक्री नियमांत ते बसत नाही. आणि "सहभागितेला (प्रार्थनेच्या बैठकीला) ये" म्हणून बोलावून प्लॅन दाखवणं तर कधीच नको. तो माणूस पुन्हा खऱ्या सहभागितेलाही येत नाही.

रविवारसाठी तयारी शनिवारी दुपारीच करा. पोस्ट मेटा बिझनेस सूटमधून शेड्यूल करा, खात्याला खर्चाची मर्यादा लावा, व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये अवे मेसेज (आपोआप जाणारं उत्तर) रविवारच्या वेळेसाठी लावा: "आज सुट्टी आहे. उद्या सकाळी १० नंतर उत्तर देतो. चुकीची जाहिरात सुरू असेल तरच फोन करा." ही अट काम घेतानाच सांगा. रविवारी जाहिरात चालू ठेवावी की नाही यावर मंडळीत दोन मतं आहेत. रोम १४:५ प्रमाणे आपापल्या मनाची खात्री करून घ्यावी, दुसऱ्याला दोष देऊ नये. नवरात्राच्या साडी सेलच्या पोस्टचंही असंच. माझ्या मते त्या पोस्टमधल्या सणाच्या शुभेच्छा तुमच्या नाही, दुकानदाराच्या असतात. तरी तुमचं मन अडत असेल तर काम घेताना सांगा आणि ते करणारा दुसरा माणूस सुचवा. घटस्थापनेच्या आदल्या रात्री सांगितलंत तर त्याचा सीझन बुडतो.

दुरावलेल्या मित्राला आता जाहीर स्टेटस नको, एकट्याला मेसेज करा: "गेल्या काही महिन्यांत तुला ज्या लिंक पाठवल्या त्या कमिशनच्या होत्या, आणि मी ते सांगितलं नव्हतं. चुकलो. तू घेतलेल्यांपैकी एखादी वस्तू खराब निघाली असेल तर सांग, माझं कमिशन मी तुला परत देतो. इथून पुढे तू विचारल्याशिवाय काही पाठवणार नाही." कमिशनचा आकडा डॅशबोर्डवर बघून तयार ठेवा, तो मागेल. उत्तर आलं नाही तर पाठपुरावा करू नका. रविवारी उपासना सुटल्यावर दारात भेटेल तेव्हा धंद्याचा फोन घरी ठेवून जा, आणि मिसळ खायला येतोस का एवढंच विचारा.