एकाच फ्लास्कमधल्या यीस्टची उपासमार केली, तर काही पेशी कळीविना (कळी म्हणजे मायपेशीवर फुटून वाढणारी कन्यापेशी) थांबतात आणि काही कळीसकट. असं का?

तुम्ही सोलापुरात बीएस्सीला आहात आणि वाढत्या यीस्टला धुऊन साध्या पाण्यात ठेवलंत, असं लिहिलंय. विभाजनाचा निर्णय पेशी नक्की कधी घेते, हा तुमचा खरा प्रश्न.

कळी फुटण्याच्या जरा आधी, जी१ टप्प्याच्या, म्हणजे डीएनएची प्रत निघण्याआधीच्या वाढीच्या टप्प्याच्या, शेवटी. या क्षणाला ‘स्टार्ट’ म्हणतात. लीलँड हार्टवेल यांनी तो यीस्टच्या उत्परिवर्तित वाणांवरून ओळखला. २००१च्या नोबेलमध्ये त्यांच्या या कामाचा मोठा वाटा आहे.

स्टार्टआधी व्हि५ हे प्रथिन एसबीएफ या जनुकं चालू करणाऱ्या प्रथिन-संकुलाला धरून बसतं, त्यामुळे पेशीला विभाजनाकडे ढकलणारी सीएलएन१ आणि सीएलएन२ ही जनुकं बंद राहतात. पेशी पुरेशी वाढली की सीएलएन३-सीडीके१ या प्रथिनांच्या जोडीमुळे ती पकड ढिली पडते. जरासं सीएलएन१-२ प्रथिन तयार झालं, की ते उरलेल्या व्हि५वर फॉस्फेट चढवून त्याला केंद्रकाबाहेर काढतं. मग सीएलएन१-२ आणखी वाढतं. साधारण निम्मं व्हि५ बाहेर गेलं, की पेशी मागे फिरत नाही. आकार मोजला जातो तो वाढत्या पेशीत व्हि५ विरळ होण्यामुळे का, यावर अजून वाद आहे. कन्यापेशी लहान जन्मते म्हणून तिचा जी१ लांबतो, हे मात्र पक्कं.

साध्या पाण्याने तुमचा प्रयोग बिघडला. स्टार्टआधीच्या पेशी कळीविना थांबतात, पण साखर एकदम तोडली, की स्टार्ट ओलांडलेल्या पेशींनाही काम पुरं करायला ऊर्जा उरत नाही. त्या कळीसकट अडकतात. नायट्रोजन तोडा, साखर ठेवा: १०० मिलीत अमिनो आम्लं व अमोनियम सल्फेट नसलेला यीस्ट नायट्रोजन बेस (यीस्टच्या माध्यमाची तयार पूड) ०.१७ ग्रॅम, डेक्स्ट्रोज २ ग्रॅम. पेशी वाढीच्या ऐन भरात घ्या, दोनदा धुवा, ३०° सेल्सिअसला हलवत ठेवा. दर अर्ध्या तासाला २०० पेशी मोजा. स्टार्ट ओलांडलेल्या पेशी विभाजन पुरं करतील, म्हणून कळीवाल्यांचं प्रमाण काही तासांत घसरत जाईल. मोजण्याआधी नमुना व्हॉर्टेक्स करा, म्हणजे यंत्रावर जोराने घुसळा. नाहीतर विभाजन होऊनही चिकटून राहिलेल्या मायलेकी कळीवाल्या म्हणून मोजल्या जातात. एप्रिल-मेमध्ये सोलापूरच्या खोलीत इन्क्युबेटरशिवाय हे करू नका. नुसत्या उष्णतेच्या धक्क्यानेही पेशी जी१मध्ये काही काळ थबकतात, आणि ते उपासमारीसारखंच दिसतं.

पुढे अल्फा फॅक्टर (पेशींना जी१मध्ये थांबवणारा यीस्टचा मिलन-संकेत) वापरायचा विचार असेल, तर बेकरीचं यीस्ट नको. ते बहुधा द्विगुणित किंवा बहुगुणित (गुणसूत्रांचे दोन किंवा अधिक संच असलेलं) असतं, त्या संकेताला दाद देत नाही. त्यासाठी ‘ए’ लिंगाचा एकगुणित वाण मागवा.