बाबा स्वतः पीटीचे सर, तरी नको म्हणतात

"पीटीचे सर होऊन काय मिळणार?" हा प्रश्न करिअर समुपदेशक म्हणून मला दर मे-जूनमध्ये ऐकावा लागतो. विचारणारे पालक दुकानदार असतात, बँकेतले असतात, शेतकरी असतात. त्यांना द्यायचं उत्तर माझ्याकडे तयार असतं. पण त्या दिवशी समोर बसून हे विचारणारा माणूस स्वतः वीस वर्षं पीटीचा सर होता. माझं तयार उत्तर घशातच राहिलं.

गौरी (नाव आणि ओळखीचे तपशील बदलले आहेत) बुलढाणा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावची. बारावी विज्ञान, ५८ टक्के, खो-खोत शालेय राज्य स्पर्धेपर्यंत गेलेली. तिला बी.पी.ई.एस. करायचं होतं, बारावीनंतरची तीन वर्षांची शारीरिक शिक्षणाची पदवी. बाबांनी डी.फार्म.चा फॉर्म आणून ठेवला होता. "निदान मेडिकल तरी टाकता येईल," ते म्हणाले. आई दोघांच्या मध्ये बसली होती, पर्सचा बंद बोटाला गुंडाळत.

मी नेहमीप्रमाणे अभ्यासक्रम समजावू लागले आणि दोनच मिनिटांत लक्षात आलं की सरांना ते माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. ते अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात शिकलेले. वैद्य बंधूंनी १९१४ साली सुरू केलेली, १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं दाखवून आलेली ही संस्था. बर्लिनचं सांगताना त्यांचा आवाज जरा वर गेला आणि लगेच खाली आला. तेव्हा बी.पी.एड. (पदवीनंतरचा, शारीरिक शिक्षकाचा अभ्यासक्रम) एका वर्षाचं होतं. ते करून ते एका विनाअनुदानित शाळेत लागले. उद्या अनुदान येईल, परवा येईल, असं करत केस पांढरे झाले. "गणिताचा पोर्शन राहिला की माझा तास जातो, मॅडम. कोणी रजेवर गेलं की माझा तास त्या वर्गावर. पंधरा ऑगस्ट जवळ आला की मात्र सगळ्यांना मी आठवतो."

यावर काय बोलणार? मी गौरीला एकटीला आत बोलावलं.

"कॉलेजमधला दिवस कसा असेल असं वाटतं तुला?"

"ग्राउंडवर."

"आणि अकरानंतर, ऊन चढल्यावर?"

तिच्याकडे उत्तर नव्हतं. खेळाडू मुलांचं बहुतेकदा हेच होतं. आपण खेळतो ते आणि खेळ शिकवणं हे त्यांना एकच वाटतं. प्रत्यक्षात शरीररचना, शरीरक्रिया, मानसशास्त्र, चाचण्या आणि मापनं, मैदान आखणी, आणि निरीक्षकासमोर घ्यायचे पाठ, असा तो अभ्यास आहे. (ट्रेकचे फोटो पाहून डोंगरातच करिअर करायचं म्हणणारी मुलंही येतात. त्यांना मी उत्तरकाशी, दार्जिलिंग किंवा मनालीचा गिर्यारोहणाचा बेसिक कोर्स आधी करायला सांगते. तो साधारण चार आठवड्यांचा असतो, ती पदवी नव्हे, आणि पुढच्या ॲडव्हान्सला जायचं तर त्यात 'ए' श्रेणी लागते. निम्म्यांचा उत्साह तिथेच कळतो.)

विदर्भात शाळा जूनअखेर उघडतात. मी गौरीला सांगितलं, फॉर्म भरायच्या आधी बाबांच्या शाळेत सहावीचा पीटीचा तास सलग सहा दिवस तू घे. बाबांना म्हटलं, मुख्याध्यापकांना विचारा, आणि तुम्ही फक्त बाजूला उभे राहा, मध्ये बोलायचं नाही. दुसरी अट त्यांना जास्त अवघड गेली असणार.

पुढच्या भेटीत सरच आधी बोलले. वर्गात बेचाळीस मुलं, फुटबॉल एक. पहिल्या दिवशी गौरीने एक लांब रांग लावली आणि अर्धा तास मुलं नुसती उभी राहिली. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी ती चुन्याची फक्की घेऊन लवकर गेली आणि तिने एका मोठ्या मैदानाऐवजी चार छोटी मैदानं आखली. कुणालाही एका मिनिटापेक्षा जास्त थांबावं लागलं नाही. कडुनिंबाखाली पोट दुखतं म्हणून बसणारी दोन मुलंही उठली. सर म्हणाले, "रांग मोडायची हे मला कळायला पाच वर्षं लागली होती."

"मग शिकवते चांगलं?"

"चांगलं शिकवते. म्हणून तर भीती वाटते."

या वाक्याशी आम्ही बराच वेळ थांबलो. त्यांची भीती मुलीबद्दल नव्हती, मैदानाबद्दलही नव्हती. ती नेमणुकीबद्दल होती, आणि खरी होती. मी ती खोडून काढली नाही. शिक्षण हक्क कायद्यातच सहावी ते आठवीला शंभरावर पट असेल तर शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशक, एवढीच तरतूद आहे. शाळेचं दार अरुंद आहे हे गौरीसमोरच बोललो. त्यातही माध्यमिक शाळेतल्या कायम जागेला सहसा बी.पी.एड. मागतात, म्हणजे तीन वर्षांवर आणखी दोन, त्याची सीईटी लेखी आणि मैदानी दोन्ही.

दुसरं दार कॉलेजचं. शारीरिक शिक्षण संचालकाला वेतन सहायक प्राध्यापकाचं. त्यासाठी पदव्युत्तर पदवीला (एम.पी.एड.) ५५ टक्के, नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा, शिवाय धावण्याची चाचणी. तिशीपर्यंतच्या पुरुषांना बारा मिनिटांत १८०० मीटर, स्त्रियांना आठ मिनिटांत १०००. वय वाढेल तसं अंतर कमी. जागा थोड्याच. प्रशिक्षक व्हायचं तर पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा डिप्लोमा. सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण आपलं प्रमाणपत्र त्यात बसतं का हे पडताळणीशिवाय धरून चालायचं नाही. आणि यातलं काहीच जमलं नाही तरी हातात पदवी असते, स्पर्धा परीक्षेला बसता येतं. डी.फार्म. हा डिप्लोमा आहे, हेही मी सांगितलं.

गौरीला गणिताची धास्ती होती. "त्यात गणित नाही ना?" तिने विचारलं. सर हसले. माझ्या टेबलावरचा कागद ओढून त्यांनी चारशे मीटरचा ट्रॅक काढला. लेन १.२२ मीटरची, म्हणून चारशेच्या शर्यतीत दुसऱ्या लेनचा धावक ७.०४ मीटर पुढे उभा करायचा, तो का, हे ते पायऱ्यापायऱ्यांनी समजावत गेले. कागद पुरेना तेव्हा डी.फार्म.च्या माहितीपत्रकाची मागची बाजू घेतली.

आई तेव्हा पहिल्यांदा बोलली. "हे असं बोलताना मी कित्येक वर्षांत पाहिलं नाही यांना."

गौरीने बी.पी.ई.एस.ला प्रवेश घेतला. सरांनी एकच अट घातली आणि ती स्वतःच्या हाताने लिहून तिच्या फाइलला लावली: अनुदान येईल या आशेवर कुठल्याही शाळेत रुजू व्हायचं नाही.

दिवाळीत त्यांचा फोन आला. गौरीचं शरीररचनेत जरा अडतंय, बाकी ठीक, असं सांगून झालं. मग जरा थांबून म्हणाले, "मॅडम, ते बारा मिनिटांचं... पंचेचाळीसच्या पुढे किती आहे?"

"पन्नासपर्यंत आठशे मीटर, सर. पण एम.पी.एड. आणि नेट आधी."

"नाही नाही, सहजच विचारलं," ते म्हणाले. मागून मुलांचा गलका आणि शिट्टी ऐकू येत होती. सुट्टीतही ते मैदानावरच होते.