नाशिकच्या गच्चीवर ‘सीतेची वेणी’ कुंडीत जगेल का?

जगेल, परंतु माती भरलेल्या कुंडीत नव्हे. सीतेची वेणी ही झाडाच्या सालीला बिलगून वाढणारी आमरी, म्हणजे ऑर्किड आहे. मातीत तिची मुळे दमट राहून कुजतात. आंब्याच्या किंवा जांभळाच्या खडबडीत सालीच्या ओंडक्यावर ती सुतळीने बांधावी आणि सकाळचे ऊन, दुपारी सावली व खेळती हवा मिळेल अशा ठिकाणी टांगावी.

पाणी केव्हा द्यावे, हे मुळेच सांगतात: कोरडी मुळे रुपेरी पांढरी दिसतात आणि पाणी मिळताच हिरवट होतात. इगतपुरी-त्र्यंबककडील दमटपणा शहरात एप्रिल-मे महिन्यांत मुळीच नसतो, आणि तिचे गुलाबी-जांभळ्या ठिपक्यांचे लोंबते तुरे साधारण त्याच सुमारास येत असल्याने सकाळ-संध्याकाळ फवारणी चुकवू नये. थंडीत मात्र हात आखडता घ्यावा.

जंगलातून आणलेले रोप, कितीही स्वस्त मिळाले तरी, घेऊ नये. अशा ओरबाडण्यामुळे आणि जुनी झाडे तुटल्यामुळेच ही वनस्पती विरळ होत आहे. तिच्या धुळीसारख्या बियांना रुजण्यासाठी विशिष्ट बुरशीची साथ लागत असल्याने तूट लवकर भरून निघत नाही. ऊतिसंवर्धनाने, म्हणजे प्रयोगशाळेत टिश्यू कल्चरने तयार केलेलेच रोप रोपवाटिकेत मागावे.