बहुमतो भूत्वा

कॅनडात १९७९ साली पंतप्रधान जो क्लार्क यांचं सरकार आलं, त्याला 'अल्पसंख्याक सरकार' म्हणायचं की 'अल्पमतातलं', असं विचारलंय.

अल्पमतातलं! 'अल्पसंख्याक सरकार' हे यंत्राच्या भाषांतराचं पिल्लू. वाचणाऱ्याला वाटावं, ओटावात पारशांचं राज्य आलं. 'अल्पमतात आलेलं' हेही नको. असलेलं बहुमत गेलं तर तसं म्हणतात. क्लार्कना ते कधी नव्हतंच.

खरी गंमत आहे ती 'बहुमत' या शब्दात. जुन्या संस्कृतात 'बहुमत' म्हणजे ज्याला लोक फार मानतात तो. त्याचा सख्खा भाऊ 'बहुमान' आपण अजून शाल-श्रीफळाबरोबर वाटतोच. गीतेत (२.३५) कृष्ण अर्जुनाला बजावतो, 'येषां च त्वं बहुमतो भूत्वा यास्यसि लाघवम्'. ज्यांच्या लेखी मोठा होतास, त्यांच्याच नजरेत हलका होशील. शंकराचार्य इथे 'बहुभिः गुणैः युक्तः' म्हणत गुणांची मोजदाद काढतात. आचार्यांची क्षमा मागून सांगतो, पटत नाही. बहुमान देताना कोण गुण मोजत बसतो? हा 'बहु' म्हणजे नुसतं 'फार'.

आता हीच ओळ क्लार्कना लावून पाहा. २८२ पैकी १३६ जागा, म्हणजे बहुमताला सहा कमी. सोशल क्रेडिट पक्षाकडे नेमके सहाच खासदार. पण क्लार्कनी त्यांना अधिकृत पक्षाचा दर्जाही दिला नाही. बहुमत असल्यासारखाच कारभार करायचा, हा बाणा! मोजायचं बहुमत नव्हतं आणि मानाचं असल्याच्या भ्रमात राहिले, असं माझं ठाम मत. डिसेंबरात अर्थमंत्री क्रॉस्बींनी अर्थसंकल्पात पेट्रोलवर गॅलनमागे १८ सेंट जादा कर सुचवला. त्या सहांतला एक तोवर क्लार्कांकडे आला होता. उरलेले पाच अर्थसंकल्पावरच्या मतदानाच्या वेळी तटस्थ बसले. परराष्ट्रमंत्री फ्लोरा मॅकडोनाल्ड तर ब्रुसेल्सला होत्या. १३ डिसेंबरला सरकार १३९ विरुद्ध १३३ असं पडलं. लाघवम्!

आणि 'बहुमत नव्हे, मताधिक्य म्हणा' असा आग्रह धरणारे शुद्धिवादी? मताधिक्य म्हणजे दोन आकड्यांतला फरक. विरोधकांना त्या रात्री सहाचं मताधिक्य मिळालं. तो शब्द तिथे वापरा, खुशाल.