ऑल-टेरेन टायर घेताय? ब्रँड नंतर बघा, आधी गाडीचा काटा (वजन) करा

तुमचा प्रश्न वाचला आणि तीन वर्षांपूर्वी मी स्वतः जे विचारत फिरत होतो तेच पुन्हा वाचतोय असं वाटलं. फोर बाय फोर पिकअप, पाठीवर कॅम्परची केबिन, कंपनीचे २४५/७० आर १६ टायर संपत आलेले, जूनमध्ये कुंझुम खिंडीवरून स्पितीतल्या काझ्याला जायचं. 'दहा प्लायचे (आत दहा थरांइतकी ताकद असलेले) ए/टी, म्हणजे ऑल-टेरेन, टाकतोय, या यादीतला कोणता ब्रँड घेऊ? थोडा रुंद २६५ बसवू का?' आणि शेवटी जाता जाता लिहिलेलं वाक्यसुद्धा तेच: 'हवा दारावरच्या स्टिकरप्रमाणे ३५ ठेवीन, उन्हाळ्यात थोडी कमी.'

हे उत्तर लिहितोय ते त्या शेवटच्या वाक्यासाठी. ए/टी आणि एम/टी (चिखलासाठीचे मड-टेरेन) यांतला फरक तुम्हाला माहीत आहे असं तुमच्या लिहिण्यावरून दिसतं, त्यात जात नाही.

आधी मुद्द्याचं सांगतो. तुमच्या गाडीला आत्ता असलेले टायर बहुधा साधे, म्हणजे आकाराआधी 'एलटी' (लाइट ट्रक) ही अक्षरं नसलेले असणार. त्या साध्या २४५/७० आर १६ वर साधारण १०७ हा लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो त्याचा सांकेतिक आकडा) असतो, म्हणजे एका टायरला ९७५ किलो. हे वजन तो ३५-३६ पीएसआयलाच (पीएसआय म्हणजे हवेचा दाब मोजायचं एकक) पेलतो. आता दहा प्लायचा एलटी टायर बघा. त्यावर ११८/११५ लिहिलेलं असतं. ११८ म्हणजे १,३२० किलो. आपण तेवढंच वाचतो आणि खूश होतो. पण त्याच टायरच्या साइडवॉलवर (बाजूच्या भिंतीवर) बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की हे १,३२० किलो ८० पीएसआयला. ३५ पीएसआयला तोच टायर जेमतेम साडेसातशे किलो पेलतो. म्हणजे जाड, महाग, दणकट टायर टाकला आणि हवा जुनीच ठेवली, तर गाडीची वजन पेलायची ताकद वाढत नाही, उलट घटते. वजन पेलते ती आत कोंडलेली हवा. प्लाय फक्त ती हवा धरून ठेवतात. हे मला कुणीही सांगितलं नाही. टायर विकणाऱ्याने नाही, केबिन बांधून देणाऱ्याने नाही, आणि ज्यांचं ते कामच होतं त्यांनी तर नाहीच.

मे २०२३. पुण्याहून शिर्डीमार्गे समृद्धी महामार्गाला लागलो, पेंचला निघालो होतो. नवे एलटी ए/टी टाकून दोन महिने झाले होते. निघायच्या आदल्या दिवशी दुकानात हवा तपासायला गेलो तर तिथला माणूस म्हणाला, 'साहेब, ऊन कडक आहे, सिमेंटचा रस्ता आहे, हवा फुगते. ३२ ठेवा.' मला ते पटलं. आपल्याकडे सगळेच असं म्हणतात, माझे वडीलही ॲम्बॅसेडरच्या काळापासून म्हणायचे. जालना सोडून मेहकरच्या दिशेने चाललो होतो, वेग ताशी पंच्याण्णवच्या आसपास. आधी मागून एक घरघर आली, सिमेंटच्या रस्त्याची असेल म्हणून सोडून दिली. मग डावं मागचं टायर गेलं. केबिनचं वजन उंचावर असल्यामुळे गाडी आधी डावीकडे बसली आणि मग झुलली. शेजारी बायको, मागच्या सीटवर मुलगा. मागून ट्रक येत नव्हता, म्हणून आज हे लिहितोय. साइडवॉल सबंध गोल फाटली होती, नक्षीचा पट्टा एकीकडे आणि रिमला चिकटलेल्या दोन कडा वेगळ्या. टायर दोन महिन्यांचा, नक्षी नवीकोरी.

साहजिकच वाटलं की टायरच सदोष आहे. बिल होतं, वॉरंटी होती, क्लेम केला. फोटो, फॉर्म, टायर स्वतः नेऊन देणं, आणि मग सात आठवडे रोज 'साहेब, टेक्निकल टीम बघतेय'. शेवटी एका ओळीचं उत्तर आलं: 'कमी हवेत चालवल्याच्या खुणा. दावा नामंजूर.' मी चिडलो, कारण माझ्या मते ३५ च्या गाडीत ३२ म्हणजे काही फार कमी नव्हतं. मी लेखी विचारलं, 'मग या टायरला, या वजनाला, हवा किती हवी होती?' एकदा नाही, तीनदा. तिन्ही वेळा एकच उत्तर: 'गाडीच्या दारावरचं स्टिकर पाहावं.'

माझं सगळ्यात मोठं नुकसान झालं ते या उत्तराने, फुटलेल्या टायरने नाही. त्यांचं निदान बरोबर होतं, हे आज मी मान्य करतो. दावा फेटाळला याचाही राग नाही. पण प्रत्येक टायर कंपनीकडे त्या त्या आकाराचा लोड-प्रेशरचा तक्ता असतो. किती पीएसआयला किती किलो, असा सरळ तक्ता, एका पानावर मावणारा. तो मला पाठवायला दोन मिनिटं लागली असती. त्याऐवजी त्यांनी मला अशा स्टिकरकडे पाठवलं जे वेगळ्या जातीच्या टायरसाठी आणि केबिन नसलेल्या गाडीसाठी छापलेलं होतं. आणि मी ते ऐकलं! नवा टायर घेतला, चारही चाकांत प्रामाणिकपणे ३५ भरली आणि पुढचे आठ महिने कुटुंबाला घेऊन फिरलो. हे आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

कळलं ते कच्छमध्ये. फेब्रुवारी २०२४, धोलावीराहून परत येताना पुन्हा तीच घरघर. या वेळी थांबलो. भचाऊजवळ हायवेवर ट्रकच्या टायरचं एक दुकान होतं. तिथल्या वयस्कर माणसाने गेज लावायच्या आधी चारही टायरांच्या साइडवॉलवर एकामागून एक तळहात ठेवला. मलाही ठेवायला लावला. पुढचे दोन कोमट, मागचा उजवा गरम, मागच्या डाव्यावर मला हात टेकवून ठेवता येईना. त्याने तो टायर रिमवरून उतरवला आणि आत हात घालून मूठ बाहेर काढून उघडली. खोडरबरने खूप खोडल्यावर वहीवर जशा काळ्या वळ्या साचतात, तसा रबराचा चुरा तळहातभर. आतलं अस्तर प्रत्येक फेरीला दुमडून दुमडून खरवडलं जात होतं. बाहेरून टायर अगदी ठणठणीत. मग त्याने विचारलं, 'काटा करवाया कभी?'

नव्हता केला. दोन वर्षांत एकदाही नाही. त्याच दिवशी, त्याच रस्त्यावरच्या धरमकाट्यावर गाडी चढवली. पाण्याची टाकी भरलेली, डिझेल फुल, आम्ही तिघं आत, म्हणजे प्रवासात असते तशीच. पुढचा ॲक्सल १,२१० किलो. मागचा १,७००. मग एका बाजूची चाकं प्लॅटफॉर्मच्या बाहेर ठेवून पुन्हा केला, कारण माझी नव्वद लिटरची टाकी, स्वयंपाकाचा ओटा आणि गॅस असं सगळं डावीकडे आहे. मागच्या डाव्या चाकावर ८९० किलो निघाले. साडेसातशे पेलणाऱ्या हवेवर ८९०. दोन्ही वेळा डावा मागचाच का गेला, याचं उत्तर त्या पावतीवर होतं.

तर तुमच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर हे: टायर घ्यायच्या आधी काटा करा. साखर कारखान्याजवळ, मार्केट यार्डाजवळ, वाळूच्या डेपोजवळ काटे असतातच, खर्च किरकोळ. ॲक्सल वेगवेगळे मोजा, पूर्ण सामानासकट. एकूण वजन आर.सी.वरच्या आकड्याच्या आत आहे का तेही बघा. माझं जेमतेम आत होतं, त्यानंतर छतावरचा लोखंडी कॅरियर काढून टाकला. मग ज्या टायरचा विचार करताय त्याचा लोड-प्रेशर तक्ता मागा. दुकानदार 'कशाला लागतो तो' म्हणाला तर दुकान बदला, हे माझं स्पष्ट मत. सगळ्यात जास्त वजन असलेलं चाक धरा, त्यावर थोडी शिल्लक ठेवा, आणि एका ॲक्सलवरच्या दोन्ही चाकांत सारखी हवा भरा. मी आता मागे ५५ आणि पुढे ४२ ठेवतो, थंड टायरला, सकाळी. हे माझ्या गाडीचे, माझ्या टायरचे आकडे आहेत, तसेच्या तसे उचलू नका. मी टायर इंजिनियर नाही.

आणि उन्हाळ्यात हवा कमी करायचं डोक्यातून काढून टाका. गरम झाल्यावर हवा वाढते हे खरं आहे, आणि टायर ते धरून बनवलेला असतो. टायरला मारते ती साइडवॉलची दुमड. हवा कमी तेवढी दुमड जास्त, दुमड जास्त तेवढी उष्णता जास्त. गाडी चालवून थांबल्यावर गेज जास्त दाखवतं म्हणून हवा सोडणं हीसुद्धा तीच चूक. नायट्रोजनबद्दल विचाराल तर फुकट मिळाला तर भरा, जास्तीचे पैसे देऊ नका.

एक बारीक गोष्ट, जी मला खूप उशिरा समजली. गाड्यांना नेहमी येणारे रबरी व्हॉल्व्ह साधारण ६५ पीएसआयपर्यंतचे असतात. तुमचं वजन जास्त निघालं आणि हवा त्या आसपास न्यावी लागली तर धातूचे, नटाने आवळायचे व्हॉल्व्ह टाकून घ्या. रिमवर आतल्या बाजूला वजनाची मर्यादा कोरलेली असते, तीही वाचा. बाजारात मिळणाऱ्या सगळ्याच दिखाऊ अलॉय कॅम्परसाठी नसतात.

आता २६५ चं. २६५/७० आर १६ बसवला तर व्यास ७४९ मिलिमीटरवरून ७७७ होतो, म्हणजे पावणेचार टक्के. जमिनीपासूनची उंची वाढते फक्त १४ मिलिमीटर. त्या १४ मिलिमीटरसाठी स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर मडगार्डला घासू शकतो, स्पीडोमीटर ८० दाखवेल तेव्हा खरा वेग ८३ असणार, गिअरिंग लांब झाल्यामुळे आधीच जड असलेली गाडी चढावर अजून कुंथणार. वर आर.सी. आणि विम्याचा प्रश्न आहेच. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलात बदल करता येत नाहीत आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते ठामपणे सांगितलंय. टायरच्या आकाराला ते किती लागू होतं हे वकिलाला विचारा. पण अपघातानंतर विमा कंपनीच्या सर्वेयरच्या हातात आयतं कारण कशाला द्यायचं? मी मूळ आकारातच राहिलो आणि स्पितीत एकदाही अडलो नाही.

ब्रँडच्या यादीबद्दल मी हातचं राखून बोलतोय कारण तुम्ही दिलेली सगळी नावं चालण्यासारखी आहेत. जून २०२० मध्ये टायरच्या आयातीवर निर्बंध आल्यापासून परदेशी टायर कधी असतो कधी नसतो. माझं म्हणणं असं की ज्याचा पाचवा टायर उद्या नाशिकमध्ये किंवा मंडीमध्ये मिळू शकेल तो घ्या. हो, पाचच घ्या. हल्ली टायर प्रेशर मॉनिटर आणि पंक्चर किट असेल तर स्टेपनी नसली तरी नियमात बसतं, पण कॅम्परला तो विचारसुद्धा करू नका. स्टेपनी त्याच आकाराची, त्याच नक्षीची हवी. फोर बाय फोर लावलेलं असताना एक चाक वेगळ्या व्यासाचं असलं तर ट्रान्सफर केसवर, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरबॉक्सवर, ताण येतो. तारीख बघून घ्या. साइडवॉलवरच्या लांब कोडाचे शेवटचे चार आकडे म्हणजे टायर बनल्याची तारीख, १४२५ म्हणजे २०२५ चा चौदावा आठवडा. दोन वर्षं गोदामात पडलेला माल 'स्कीममध्ये' मिळतो, तो नको. आणि कोकणातल्या पावसाळ्यातल्या लाल चिखलात ए/टीची नक्षी भरून जाते, तिथे फार भरवसा ठेवू नका.

काझ्याच्या वाटेवर ग्राम्फूच्या पुढे छत्रू ते बातल हा पट्टा सगळा दगडगोट्यांचा आहे. तिथे हवा थोडी उतरवावी लागेल. तुमच्या काट्याच्या आकड्यांवरून किती ते ठरेल, पण उतरवली की वेग ताशी वीसच्या आत, आणि डांबर लागलं की पहिलं काम परत भरणं. त्यासाठी बॅटरीला थेट चिमटे लावून चालणारा कॉम्प्रेसर घ्या. सिगारेट लायटरवर चालणारे बारके पंप मोठ्या टायरला पुरत नाहीत, गरम होऊन बंद पडतात. कुंझुम साडेचार हजार मीटरच्या वर आहे, बाहेरच्या हवेचा दाब कमी झाल्यामुळे खाली भरलेल्या हवेच्या मानाने गेजवर पाच-सहा पीएसआय जास्त दिसतील. पण थंडीने तेवढीच उतरतेही, दर पाच-सहा अंशांना साधारण एक. त्यामुळे वर गेल्यावर घाबरून हवा सोडत बसू नका.

पहिले काही दिवस दर तासाभराने थांबा आणि चारही टायरांवर हात ठेवून बघा. एक जरी बाकीच्यांपेक्षा गरम लागला तर तिथेच थांबून गेज लावा. काट्याची पावती झाली की चारही चाकांचे आकडे आणि टायरचं पूर्ण नाव इथे लिहा. तक्ता मिळत नसेल तर माझ्याकडे माझ्या आकाराचा आहे, त्यावरून आपण मिळून बघू.